बाळंतपणाआधीचा लाडू

पालमच्या बसस्थानकावरून पुण्याकडे किंवा छत्रपती संभाजीनगरकडे शिकायला निघालेल्या मुलांच्या सामानात एक डबा हमखास असतो. शेंगदाण्याचे कूट, तीळ, खोबरे, खारकेची पूड आणि गूळ एकत्र कुटून आईने आदल्या रात्री वळलेले लाडू त्यात असतात. मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणार, रात्री जागवणार, खानावळीच्या जेवणाने त्याची भूक भागणार नाही, ही त्या डब्यामागची माया. या मायेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्याच घरात नववी-दहावीत शिकणारी त्याची बहीण सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटे खाऊन शाळेला जाते. डबा भरून उरलेल्या लाडवांतला एखादा तिच्या हातावर पडतो, तोही मागितला तर.

हा डबा ज्या पुण्यात उतरतो, तेथील दुकानांतून आता तोच लाडू चकचकीत वेष्टनात विकला जातो. त्याला ‘एनर्जी बार’ किंवा ‘एनर्जी बॉल’ म्हणतात. भट्टीत न भाजलेला, दूध-तुपाचा स्पर्श नसलेला, केवळ सुकामेवा आणि तेलबियांचा, अशी त्याची ख्याती वेष्टनावर छापलेली असते. ते वाचून आपल्यापैकी अनेकांची छाती फुलते. ‘हे तर आमच्या आजीचेच!’ असे उद्गार निघतात, भ्रमणध्वनीवरून त्याचे संदेश फिरतात आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक विषय तेथे सुरू व्हायला हवा. आजीचा लाडू जगाने उचलला, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण तो लाडू आज आपल्या घरात कोण वळते, कशापासून वळते आणि मुख्य म्हणजे कोणाच्या हातावर ठेवते, हे तीन प्रश्न त्या अभिमानापेक्षा अधिक मोलाचे आहेत.

वेष्टन नवे, वस्तू जुनी

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९८६ साली ब्रायन मॅक्सवेल या मॅरेथॉन धावपटूने ‘पॉवरबार’ नावाचा उद्योग उभा केला. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात अंगातील त्राण संपते, तेव्हा पोटाला जड न होता बळ देणारे काही हवे, हा त्याचा साधा विचार होता. २००० साली नेस्ले या बलाढ्य कंपनीने तो उद्योग विकत घेतला. तहान-भूक यांचे व्यापारात रूपांतर कसे होते, याचा हा वस्तुपाठ. त्या धावपटूच्या कल्पकतेला दाद द्यायलाच हवी. मात्र चालणाऱ्याच्या पायांना बळ देणारा घास ही कल्पना आपल्याकडे कोणा एकाच्या नावावर कधीच नव्हती. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी या वाटेने जाते. संत जनाबाईंचे गंगाखेड हे तर पालमच्या अगदी शेजारचे गाव. या वाटेने दिवसभर चालणारा वारकरी एकादशीला काय खातो? भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, नाहीतर त्या दोहोंचा लाडू. वारीच्या पडशीत मावणारा, उन्हात न विटणारा आणि उपासाला चालणारा घास.

गणेशोत्सवातील आरतीनंतर हातावर पडणारी खिरापत आठवावी. खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस या पाच ‘ख’कारांचे ते पंचखाद्य. घराघरांत त्यातला एखादा घटक बदलतो, पण पद्धत तीच : किसायचे, कुटायचे, मिसळायचे. त्याला ना दूध लागते ना तूप, ना भट्टी ना पाक. रामनवमीचा सुंठवडा त्याच कुळातला. सुंठ, खोबरे आणि साखर एवढ्यावर भागणारा. संक्रांतीचा तिळगूळ तर सर्वांचा मुकुटमणी. आज राजकारणात ‘खिरापत वाटणे’ हा वाक्प्रचार फुकटेपणासाठी वापरला जातो, हे त्या बिचाऱ्या पंचखाद्याचे दुर्दैव. मुळात खिरापत म्हणजे देवापुढे जमलेल्या प्रत्येकाला, लहान-थोर असा भेद न करता, मूठभर सकस अन्न मिळण्याची सोय होती.

अभिमान बाळगताना प्रामाणिकपणाही बाळगावा. शेंगदाणा हा मूळचा या भूमीतला नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतून दर्यावर्दी व्यापाऱ्यांमार्फत येथे पोहोचला. तीळ मात्र आपल्या श्राद्ध-पक्षापासून संक्रांतीपर्यंत सर्वत्र आहे आणि त्याची शेती या देशात सहस्रावधी वर्षे होत आली आहे. शेंगदाणा बाहेरून आला, पण येथील मातीत रुजला, येथील चुलीवर भाजला गेला आणि एकादशीच्या फराळात मानाने बसला. ‘स्व’चा विचार असाच व्यापक असतो. जे येथे रुजले, येथील शेतकऱ्याच्या घामाने पिकले आणि येथील संस्कारात मिसळले, ते आपलेच.

दुधावाचून लाडू आणि गोठ्यातील गाय

दूध-तूप वर्ज्य करणारा जो आहारपंथ पाश्चात्त्य देशांत वाढला, त्याचे ‘व्हीगन’ हे नाव १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले. गोठ्यांचे कारखाने झाले आणि जनावर हे यंत्राचा सुटा भाग ठरले, त्या समाजात कोणाला तरी याची वेदना झाली, ही गोष्ट उपहासाने उडवून लावण्याजोगी नाही. प्राण्याविषयीची करुणा आपल्याला परकी वाटण्याचे कारणच काय? तथापि गाय ज्या घरात कुटुंबाची घटक आहे, वासराला आचळाशी सोडल्यावाचून जेथे धार काढली जात नाही, त्या घराला तो पंथ जसाच्या तसा लागू करण्याचेही कारण नाही.

पालमसारख्या कोरडवाहू मुलखातील गरिबाचा लाडू मात्र कोणत्याही पंथाने न सांगता तुपावाचूनचाच होता. घरात दुभते असलेच तर तूप पाहुण्याला, देवाच्या दिव्याला आणि बाळंतिणीला. बाकीच्यांच्या वाट्याला शेंगदाण्याला स्वतःचे तेल सुटेपर्यंत कुटून केलेला लाडू. उखळात मुसळाचे घाव पडत राहिले की शेंगदाणा आणि तीळ आपले तेल सोडतात, गूळ त्यात विरघळतो आणि गोळा आपोआप आळतो. तुपाची उणीव मनगटाने भरून निघते. ज्याला आज महागड्या दुकानात ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ म्हणून मिरवतात, ती गरिबीतून जन्मलेली युक्ती आहे, हे विसरता कामा नये.

शिवाय हा दुधावाचूनचा लाडू गाईला दुरावणारा नाही. भुईमूग काढल्यावर उरणारा पाला हा जनावरांचा आवडता, पौष्टिक चारा. तीळ-शेंगदाण्याचे तेल गाळल्यावर उरणारी पेंड ही गव्हाणीतली मेजवानी. परभणी-नांदेड भागाचे भूषण असलेली लाल कंधारी गाय याच पाल्यावर आणि पेंडीवर पोसली गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ असा दर्जा दिला. निर्णय स्वागतार्हच. पण दर्जाने गव्हाण भरत नाही; ती शेतात कोणते पीक उभे आहे त्यावरून भरते किंवा रिती राहते. ज्या शिवारातून भुईमूग आणि तीळ गेले, तेथून लाडवाबरोबर गाईचा घासही गेला.

पंगतीत सर्वांत शेवटी

आता त्या बहिणीकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील महाराष्ट्रातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ टक्के आहे. म्हणजे एखाद्या गावात हळदीकुंकवाला जमलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात पुरेसे रक्त नसण्याचा संभव. या आकड्यांची आपल्याला सवय झाली आहे, हीच खरी चिंतेची बाब. दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, वर्गात मन न लागणे, ही लक्षणे घरात ‘ती जरा नाजूकच आहे’ या एका वाक्यात झाकली जातात.

आपल्या परंपरेला स्त्रीच्या पोषणाचे ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल? बाळंतिणीसाठी डिंकाचे, हळिवाचे, मेथीचे, खारीक-खोबऱ्याचे लाडू होतात. माहेरची माणसे ते डबे भरून पोहोचवतात. त्यातील एकेका घटकामागे पिढ्यांचा अनुभव आहे. मात्र येथेच एक कटू प्रश्न विचारावा लागतो. हा लाडू स्त्रीच्या वाट्याला आयुष्यात प्रथम हक्काने केव्हा येतो? ती आई झाल्यावर. त्याआधीची सारी वर्षे, अंगाने वाढण्याची, पाळी सुरू होण्याची, अभ्यासाची, शेतात खुरपणीला जाण्याची वर्षे, ती पंगतीत सर्वांत शेवटी बसते. रुखवतात मांडायला शंभर प्रकारचे लाडू असतात आणि ज्या मुलीसाठी ते मांडले जातात, ती बोहल्यावर उभी राहते तेव्हा तिच्या नखांना रंग नसतो. मग गर्भारपणात धावपळ, गोळ्या, सलाईन आणि प्रसंगी रक्ताच्या पिशव्यांसाठी वणवण. झाड वाळू लागल्यावर बुंध्याशी पाणी घालण्याचा हा प्रकार आहे.

स्त्रीला देवी म्हणणारा समाज तिला माता झाल्यावरच सकस घास देत असेल, तर त्याच्या पूजेत कोठेतरी खोट आहे. हे कोणा टीकाकाराने बाहेरून सांगण्याआधी आपण आपल्यालाच सांगावे. लाडू बाळंतपणाआधी मिळाला पाहिजे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला, रोज, न मागता मिळाला पाहिजे. भावाच्या डब्याआधी नको, निदान त्याच्या बरोबरीने तरी.

येथे अतिशयोक्ती टाळावी. एका लाडवाने रक्तक्षय बरा होत नाही. तीळ-शेंगदाणे-गुळाच्या पंचवीस ग्रॅमच्या लाडवातून लोह मिळते ते एक-सव्वा मिलिग्रॅमच्या घरात. वाढत्या मुलीच्या गरजेच्या मानाने थोडेच. २०१८ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ अभियानात शाळकरी मुलींना आठवड्याला लोह व फॉलिक आम्लाची गोळी देण्याची व्यवस्था आहे. त्या गोळीला लाडू हा पर्याय नव्हे. परंतु मुली ती गोळी का टाकून देतात, याची चौकशी करावी. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळते, पोटात कळ येते. सकाळी चहा-बिस्किटावर निघालेल्या मुलीच्या पोटात आधार असणार कसला? लाडवाचे काम तो आधार देण्याचे आहे. त्यात ऊर्जा आहे, प्रथिने आहेत, स्निग्धांश आहे, तिळाचे कॅल्शियम आहे. पोट भरलेली मुलगी गोळी टाळत नाही, वर्गात पेंगत नाही आणि खेळाच्या तासाला कोपऱ्यात बसत नाही.

शेतातून हरवलेला तास

लाडू घरातून का गेला, याचे निम्मे उत्तर स्वयंपाकघरात आहे आणि निम्मे शेतात. पालम तालुका गोदावरीच्या खोऱ्यातला, काळ्या कसदार मातीचा. जुन्या काळी ज्वारी, कापूस, तूर पेरताना तिफणीमागे चालणारी घरधनीण ओटीतल्या बियाण्यातून मूग, तीळ, अंबाडी यांचे एखादे तास सोडत असे. त्या पिकाचा बाजारात हिशेब नसे. ते घरखर्चाचे, बायकांच्या हक्काचे. त्यातूनच संक्रांतीचा तिळगूळ, भोगीच्या भाकरीवरचे तीळ आणि पोरांच्या हातावरचा लाडू निघे. मुख्य पीक हे घराचे उत्पन्न होते, आणि हे तास घराचे आरोग्य.

सोयाबीन आले आणि चित्र पालटले. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याची गणिते खरी आहेत. सोयाबीन यंत्राने मळता येते, नव्वद-शंभर दिवसांत मोकळे होते आणि रब्बीला रान मिळते. भुईमुगाचे तसे नाही. त्याच्या आऱ्या जमिनीत शिरतात तेव्हा माती भुसभुशीत लागते; भारी काळी जमीन वाळली की शेंगा तिच्यात अडकून बसतात. उपटणीला, शेंगा तोडणीला माणसे लागतात, आणि माणसे मिळत नाहीत. वर रानडुकरांचा उपद्रव. तिळाची बोंडे पक्व झाली की तडकतात. दोन दिवस उशीर झाला तर दाणा मातीत. तणनाशकाच्या एका फवाऱ्यात मिश्र पिकाचे तास टिकत नाही. अशा अनेक लहान कारणांनी ते तास हरवले. घरात सोयाबीनचे पैसे आले, पण सोयाबीन पोरांच्या हातावर ठेवता येत नाही. तिळासाठी दुकानात जावे लागले आणि तीळ केवळ संक्रांतीपुरता उरला.

आता ते पैशांचे गणितही डळमळू लागले आहे. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत मराठवाड्यातील उभे सोयाबीन पाण्यात गेले, हे सर्वांनी पाहिले. २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्र शासनाने जाहीर केलेला हमीभाव सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये, भुईमुगाला ७,२६३ रुपये आणि तिळाला ९,८४६ रुपये होता. एकरी उतारा, मजुरी आणि खरेदीतील अडचणी यांचा विचार करता केवळ भाव पाहून कोणी सारे रान बदलावे असे नाही. तीळ तर साचलेल्या पाण्यात सोयाबीनहूनही नाजूक. पण एकाच पिकावर सारी भिस्त ठेवण्यातला धोका आता निराळा समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. निचऱ्याच्या रानात चार तास तिळाचे, विहिरीला पाणी असेल तेथे उन्हाळ्यात दहा-वीस गुंठे भुईमूग, एवढे कुटुंबाच्या लाडवांना पुरून उरते.

देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण परदेशांतून आणतो. ते अवलंबन घटवण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये १०,१०३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय तेलबिया अभियान मंजूर केले. अभियाने दिल्लीत मंजूर होतात, पण त्यांची मुळे पालमच्या शिवारातच रुजावी लागतात. त्यासाठी लागणारे ज्ञान दूर नाही. १९७२ साली स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ, आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे. वाणांचे बियाणे, लागवडीची पद्धत, अन्नतंत्राचे शिक्षण सारे तेथे आहे. उणीव आहे ती विद्यापीठाच्या फाटकापासून तिफणीपर्यंतच्या वाटेची, आणि ती वाट चालणाऱ्या कार्यकर्त्यांची.

पाऊण तासाचे काम

‘आता कोणाला वेळ आहे?’ हा आक्षेप हमखास येतो. म्हणून प्रत्यक्ष कृतीच पाहावी. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून सोलावेत. शंभर ग्रॅम तीळ तडतडेपर्यंत भाजावेत. पन्नास ग्रॅम सुके खोबरे किसून किंचित परतावे, तेवढीच खारकेची पूड घ्यावी. चिमूटभर सुंठ किंवा दोन वेलदोडे. हे सारे खलबत्त्यात, नाहीतर मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवावे. तेल सुटू लागले की दोनशे ग्रॅम चिरलेला मऊ गूळ घालून पुन्हा फिरवावे आणि मिश्रण कोमट असतानाच वळावे. पंचवीस लाडू होतात. एका लाडवातून सुमारे १३० किलोकॅलरी ऊर्जा आणि साडेतीन ग्रॅम प्रथिने मिळतात. तूप नाही, पाक नाही, भट्टी नाही. कोरड्या डब्यात ते पंधरवडाभर सहज टिकतात. कामाला लागतो पाऊण तास.

दोन-तीन पथ्ये मात्र पाळावीत. शेंगदाणा ओलसर राहिला की त्यावर बुरशी धरते आणि ती बुरशी यकृताला घातक असे विष निर्माण करते. म्हणून शेंगा कडक वाळवूनच साठवाव्यात आणि सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे निर्दयपणे वेचून टाकावेत. लाडू चहाबरोबर खाऊ नये, कारण चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. त्यासोबत पेरूची फोड, आवळा किंवा लिंबाचे सरबत घ्यावे. तेच लोह अधिक अंगी लागते. ज्यांना शेंगदाणा सोसत नाही किंवा मधुमेह आहे, त्यांनी वैद्यांच्या सल्ल्यानेच खावा.

आणि बदाम-काजू-खजुराचे काय? घ्यावेत की ज्याला परवडतात त्याने. परंतु बाजारातील बहुतेक बदाम कॅलिफोर्नियातून येतो आणि बहुतेक खजूर आखातातून, हे ठाऊक असावे. शक्ती म्हणजे बदाम, असे समीकरण जाहिरातींनी आपल्या मनावर इतके बिंबवले आहे की मूठभर शेंगदाणे खाणाऱ्याला आपण गरीब समजतो. प्रथिनांच्या मोजमापात शेंगदाणा बदामापुढे मान खाली घालत नाही. खिशाच्या मोजमापात तर तो कितीतरी सरस. गोडीसाठी खजूर नको असेल तर गूळ आहे, सांगली-तासगावचा बेदाणा आहे. स्वदेशीचा आग्रह भाषणात सोपा आणि किराणा मालाच्या यादीत अवघड असतो. त्याची खरी परीक्षा यादीतच होते.

हाच आरसा आपल्या कार्यक्रमांनाही दाखवावा. बैठका, वर्ग, शिबिरे, महिला मेळावे यांत अल्पोपहार म्हणून काय वाटले जाते? कागदी पेल्यातला चहा आणि मैद्याची बिस्किटे. ज्या संघटनेच्या सहा उत्सवांत मकरसंक्रमण आहे, जेथे दरवर्षी तिळगुळाचे महत्त्व बौद्धिकातून सांगितले जाते, तेथे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मैदा का? २०२५ च्या विजयादशमीला संघकार्याची शंभर वर्षे पूर्ण झाली. पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन आहे, ‘स्व’चा आग्रह आहे. ते विषय घराघरांत नेताना पत्रकापेक्षा लाडवाचा डबा अधिक बोलेल. गावातील बचत गटाकडून लाडू घ्यावेत, गटाने शेंगा गावातल्याच शेतकऱ्याकडून घ्याव्यात, अशी साखळी जुळली की एका बैठकीच्या अल्पोपहारात तीन घरांचे हित साधते. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्राने आणलेल्या योजनेत ३५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. मात्र अनुदानाआधी गिऱ्हाईक हवे, आणि पहिले गिऱ्हाईक आपणच व्हायला हवे.

राहिला प्रश्न वळायचे कोणी, हा. लाडू वळणे हे केवळ बायकांचे काम, असे कोणत्या स्मृतीत लिहिले आहे? शिबिराच्या भोजन विभागात तरुण स्वयंसेवक शेकडोंचा स्वयंपाक हसत-हसत करतात. तेच हात घरी परतल्यावर रविवारी पाऊण तास खलबत्त्याला लागले, तर त्यांचे तेज कमी होणार नाही. उलट बापाने कुटलेला, भावाने वळलेला लाडू जेव्हा त्या शाळकरी मुलीच्या हातावर पडेल, तेव्हा तिला पोषणाबरोबर आणखी काही मिळेल. या घरात आपली किंमत आई होण्याची वाट पाहत नाही, हे तिला उमजेल.

संक्रांतीला आपण एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलण्याची विनंती करतो. येत्या संक्रांतीला पालममधील आणि पालमबाहेरील प्रत्येक घराने पहिला तिळगूळ देवापुढे ठेवावा, आणि दुसरा घरातील सर्वांत लहान मुलीच्या हातावर. दुसऱ्या दिवशी किंक्रांत असते. त्या दिवशीही एक लाडू तिच्या दप्तरात असावा. तिसऱ्या दिवशीही असावा. बस निघण्याच्या घाईत भावाचा डबा भरला जाईल तेव्हा शेजारी तिचाही डबा मांडलेला असावा, आणि त्यातले लाडू मोजून पाहिले तर दोन्हीकडे सारखेच निघावेत.